नवलगढची पोदार हवेली : पेढी, चौक आणि चुन्याची भिंत

वहीखाते

राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यात नवलगढ आहे. ठाकूर नवलसिंहांनी १७३७ मध्ये वसवलेलं गाव. तिथे आनंदीलाल पोदार या व्यापाऱ्याने १९०२ मध्ये बांधलेली हवेली आज डॉ. रामनाथ ए. पोदार हवेली म्युझियम म्हणून लोकांना पाहता येते. भिंतींवर साडेसातशेच्या आसपास चित्रं आहेत. मुंबईकरांना हे आडनाव नवं नाही. माटुंग्याचं पोदार कॉलेज आणि वरळीचं पोदार आयुर्वेद महाविद्यालय, दोन्ही १९४१ ची, याच घराण्याच्या देणगीतून उभी राहिली.

शेखावटीच्या, म्हणजे झुंझुनू, सीकर, चुरू या पट्ट्यातल्या, हवेल्यांवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक चित्रांच्या फोटोंपाशीच थांबतं. ही घरं उभी का राहिली, आतून चालत कशी होती आणि आज ढासळतात ती नेमकी कशाने, यावर इथे नीट लिहावं म्हणून हा धागा.

आधी पैसा. झुंझुनू, सीकर, चुरू हा वाळूचा, कमी पावसाचा पट्टा. शेतीवर अशी घरं उभी राहूच शकत नाहीत. पण दिल्ली आणि गुजरातची बंदरं, सिंध आणि गंगेचं खोरं यांना जोडणारे उंटांचे तांडे इथूनच जात. जयपूर आणि बिकानेर या मोठ्या संस्थानांपेक्षा इथले छोटे ठाकूर जकात कमी घेत, त्यामुळे माल इकडून वळायचा आणि त्यामागे वाणीही आले. जकात वाढली की हेच वाणी गाव सोडून जात. चुरूच्या ठाकुराने लोकरीवरचा कर वाढवला तेव्हा तिथले पोद्दार उठले आणि सीकरच्या हद्दीत १७९१ मध्ये त्यांनी रामगढ वसवलं. ते पुढे 'सेठांचं रामगढ' म्हणूनच ओळखलं गेलं.

एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने व्यापार कलकत्ता आणि मुंबई बंदरांकडे ओढला, मग रेल्वे आली आणि तांड्यांचा रस्ता ओस पडला. कर्ते पुरुष पेढी घेऊन कलकत्त्याला, मुंबईला, वऱ्हाडात कापसाच्या बाजाराला गेले. बायका-मुलं, म्हातारी माणसं गावीच राहिली. कापूस, अफू, ताग, आडत (दुसऱ्याच्या मालाची दलाली) आणि हुंडी (परगावी पैसे देण्याची लेखी चिठ्ठी) यांचा पैसा गावाकडे वाहू लागला. आज दिसणाऱ्या रंगीत हवेल्यांपैकी बहुसंख्य या काळातल्या आहेत, म्हणजे धनी परगावी असतानाच्या.

माझं म्हणणं असं की हवेलीकडे आधी पेढीचा भाग म्हणून पाहिलं पाहिजे. हुंडीचा सगळा धंदा पत, म्हणजे बाजारातला विश्वास, यावर. मुंबईतल्या आडत्याने कोऱ्या कागदावर विश्वास ठेवायचा तर गावाकडे घर काय तोलाचं आहे, विहीर कुणी बांधली, धर्मशाळा कुणाची, हे बाजारात ठाऊक असावं लागे. शेखावटीत चार मिनार असलेल्या विहिरी दिसतात, त्याही व्यापाऱ्यांनी बांधलेल्या. मिनार लांबून दिसावेत, वाळूतून येणाऱ्याला पाण्याची खूण मिळावी, हा उपयोग होताच. बांधणाऱ्याचं नावही त्याबरोबर लांबवर पोचे.

माजघर

उत्तम विषय. घराच्या मांडणीबद्दल लिहिते. आपला वाडा ज्यांना माहीत आहे त्यांना हवेली चटकन कळेल, पण दोन-तीन फरक महत्त्वाचे आहेत.

जोतं उंच असतं, पुरुषभराच्या आसपास. रस्त्यावरून उतरण किंवा पायऱ्या चढून मुख्य दरवाजा. मोठ्या दरवाज्याच्या एका फळीत छोटं दार, आपल्याकडच्या दिंडीसारखं. मोठा दरवाजा लग्नकार्याला उघडायचा, एरवी वाकून आत. आत देवडी आणि तिला लागून बाहेरचा चौक. या चौकाच्या बाजूला बैठक. हीच पेढी: पांढरी गादी, लोड, मुनीम, वह्यांची पेटी. काही बैठकांच्या छताला अजून आडवे हूक दिसतात आणि भिंतीत दोरी जाण्यापुरतं भोक असतं. ती पंख्याची जागा. पंखा ओढणारा माणूस भिंतीपलीकडे बसायचा, म्हणजे देण्याघेण्याची बोलणी त्याच्यासमोर होत नसत.

बैठकीच्या वरच्या अंगाला बऱ्याच ठिकाणी सज्जा आणि बारीक जाळीच्या खिडक्या असतात. धनी परगावी असला की खाली काय चाललंय ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईला तिथून दिसे.

बाहेरच्या चौकातून आतल्या चौकात जायचं दार हा हवेलीतला सर्वांत कोरीव भाग. चौकटीवर गणपती, बाजूंना रोहिड्याच्या किंवा शिसवी लाकडावर पितळी पट्ट्यांचं काम. या दारातून सरळ आत नजर जात नाही. समोर आडवी भिंत येते आणि बाजूने वळून जावं लागतं. आतला चौक बायकांचा: चहूबाजूंनी ओसरी, कोपऱ्यात स्वयंपाकघर, पाण्याच्या घागरींची 'परिंडा' नावाची दगडी जागा, वर जायला अरुंद जिना. गुरं, उंट आणि जळण शेजारच्या वेगळ्या आवारात, त्याला नोहरा म्हणतात. फार मोठ्या घरांना चार-चार चौक असतात.

आपल्या वाड्याशी खरा फरक सांगाड्यात आहे. पुण्याचा वाडा म्हणजे सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, खणांच्या हिशेबाने मोजलेला. भिंत गेली तरी सांगाडा काही काळ उभा राहतो. शेखावटीत मोठं लाकूडच नाही. तिथे सगळा भार जाड भिंतींवर, छत दगडी पट्ट्यांचं, वर चुन्याचा कोबा. म्हणून हवेलीत भिंत कुजली की घर संपलं. चौकाच्या तोंडाशी पुढे आलेले दगडी तोडे आणि त्यावरचा छज्जा यांनाही नुसती शोभा समजू नये. खालची चित्रं उन्हापावसापासून तेच वाचवतात. छज्जा तुटलेल्या हवेलीचं त्याखालचं चित्र काही पावसाळ्यांत फिकं पडतं.

दूरदेशी

वाचतोय, छान चाललंय. एक प्रश्न: बांधकामाची सालं कशी काढतात? बऱ्याच ठिकाणी 'शंभर-दीडशे वर्षं जुनी' एवढंच सांगतात.

वहीखाते

@दूरदेशी, दरवाज्यावर, छताजवळच्या पट्टीत किंवा विहिरीच्या कठड्यावर विक्रम संवत लिहिलेलं असेल तर त्यातून ५७ वजा करायचे; तिथी जानेवारी ते मार्च-एप्रिलच्या दरम्यानची असेल तर ५६. म्हणजे संवत १९५९ दिसलं तर साधारण १९०२. फक्त एक काळजी घ्यायची: लेख बांधकामाचा आहे की नंतरच्या रंगकामाचा, ते पाहायचं. घर आजोबांनी बांधलं आणि नातवाच्या लग्नाला रंगवलं, असं सर्रास होई.

लेख नसेल तर रंग बोलतात. पण त्यावर 'कळीचा चुना' यांनीच लिहावं.

कळीचा चुना

लिहितो. थोडं लांबेल.

भिंतीवर चित्र काढणारे आणि भिंत बांधणारे बहुधा एकच लोक होते. त्यांना चेजारा म्हणतात, बरेचसे कुंभार समाजातले. त्यामुळे गिलावा आणि चित्र ही दोन वेगळी कामं धरलीच जात नव्हती, आणि ती टिकली याचं अर्धं कारण हेच आहे.

पद्धत जयपूरच्या आरायशची, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेल्या चुन्याच्या गिलाव्याची. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, गाळायचा आणि पाण्याखाली ठेवून द्यायचा. काही महिने तरी, चांगला कारागीर वर्षभर ठेवतो. वरचं पाणी बदलत राहायचं. दही आणि गूळ घालण्याचीही रीत आहे. मुरवण्यात घाई केली तर न विरलेले खडे आत राहतात, ते नंतर भिंतीत फुगतात आणि चित्राला टिकलीएवढे खड्डे पडतात. अशा पिचलेल्या भिंतीवर बोट फिरवलं तर खड्ड्याच्या तळाशी पांढरी भुकटी लागते. हा दोष पाण्याचा नाही, चुन्याचा.

भिंतीवर पहिला थर चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) किंवा भरड रेती, एकास दोन, जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर. हा चांगला ठोकून बसवायचा आणि वर खरखरीत ठेवायचा. दुसरा थर चुना आणि संगमरवराची भुकटी, एकास दोन ते तीन, जाडी ४-५ मिलिमीटर. सर्वांत वर नुसत्या गाळीव चुन्याचे पातळ हात, साईसारखे, एकावर एक. सगळे मिळून एक-दोन मिलिमीटरच्या वर जात नाहीत. प्रमाणं प्रत्येक कारागिराची थोडी वेगळी असतात, पण क्रम बदलत नाही: आत भरड, बाहेर बारीक. उलट केलं तर थर नीट धरत नाहीत आणि भेगा पडतात.

शेवटचा हात ओला असतानाच चित्र. रेघ टोकदार हत्याराने कोरून घेतात किंवा भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पुरचुंडी आपटून उमटवतात. रंग पाण्यात कालवलेला, डिंक नाही. रंग लावला की छोट्या करणीने हलके ठोकून तो चुन्यात बसवायचा, मग अकिकाच्या दगडाने घोटायचं आणि शेवटी किसलेल्या खोबऱ्याने पुसायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकतात. म्हणून भिंत ओल्या फडक्याने पुसली तरी रंग येत नाही.

एका दिवसात रंगवून होईल तेवढाच शेवटचा थर चढवायचा. दुपारचं तिरपं ऊन भिंतीवर आलं की त्या रोजच्या कामाचे सांधे दिसतात. बहुतेक सांधे चित्राच्या चौकटीखाली किंवा कमानीच्या रेघेत लपवलेले असतात.

आतल्या खोल्यांमध्ये मात्र बरंच काम कोरड्या भिंतीवर, डिंक किंवा सरस घालून केलेलं आहे. तिथे नाजूक रेघ आणि सोनेरी काम जमतं, पण पाणी लागलं की ते जातं. बाहेरची भिंत जशी धुतात तशी आतली धुतली तर चित्र बादलीत येईल. ही चूक फार महागात पडते.

आता रंग. जुन्या कामात गेरूचा तांबडा, रामरजचा पिवळा, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा आणि हिरवी माती. हे सगळे चुन्यात टिकणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले, विशेषतः जर्मनीचे कारखान्यातले रंग बंदरांवरून आले. कृत्रिम अल्ट्रामरीन चुन्यात उत्तम टिकतो आणि स्वस्त होता. मग भिंतीच्या भिंती निळ्या झाल्या. म्हणून सर्वसाधारण अंदाज असा: तपकिरी-तांबडा आणि पिवळा जास्त असेल तर काम जुनं, झगझगीत निळा आणि लाल जास्त असेल तर १८६० नंतरचं. सगळेच नवे रंग मात्र चुन्याला चालत नाहीत. प्रशियन निळा चुन्याच्या क्षाराने मरतो आणि तपकिरी पडतो. क्रोम पिवळ्याचा नारिंगी होतो. कोरड्या भिंतीवर हे रंग टिकले आणि ओल्या चुन्यावर बिघडले, असं एकाच घरात शेजारी-शेजारी दिसू शकतं.

ओळंबा

चुन्याची माहिती झकास. चित्रांच्या विषयांबद्दल एक भर घालतो, कारण इथे मुंबईचा थेट संबंध आहे.

सुरुवातीला कृष्णलीला, रागमाला, हत्ती-उंटांच्या मिरवणुका, ढोला-मारूची राजस्थानी प्रेमकथा. मग विसाव्या शतकाच्या तोंडावर आगगाडी, मोटार, ग्रामोफोन, गोरे साहेब. मंडावा गावात नेवटिया हवेलीवर राइट बंधूंचं विमान आहे. पोदार हवेलीतही आगगाडी आहे, शेजारी गणगौरीची मिरवणूक आणि पुराणातली दृश्यं. यातल्या पुष्कळ चेजाऱ्यांनी गाडी प्रत्यक्ष पाहिलेलीच नव्हती. शेखावटीत रूळ उशिरा आले, त्यामुळे चित्र छापील कागदावरून उतरवलेलं असे. म्हणून डबे म्हणजे खिडक्यांची लांबच लांब रांग, प्रत्येक खिडकीत एक चेहरा, आणि इंजिनाची चाकं बाजूने, धूर मात्र सजावटीच्या वेलासारखा.

हे छापील कागद कुठून आले? देव-देवतांच्या बाबतीत एक मोठा झरा म्हणजे रविवर्म्यांचा छापखाना, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला. तिथली लक्ष्मी, सरस्वती आणि पौराणिक प्रसंगांची रंगीत चित्रं घरोघर पोचली. त्यानंतरच्या हवेल्यांवर देवींची साडी नेसण्याची पद्धत, सावली टाकून उठवलेले गाल, मागचा युरोपीय बगीचा हे एकाएकी दिसायला लागतं. जुन्या सपाट, बाजूने काढलेल्या चेहऱ्यांशी ताडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. पेढी मुंबईत, छापखाना मुंबईत, भिंत नवलगढला.

दूरदेशी

पोदार हवेलीतली चित्रं फोटोत इतकी ताजी दिसतात की १९०२ ची वाटतच नाहीत. ती मूळची आहेत का?

कळीचा चुना

तिथली बरीच चित्रं नंतर नव्याने रंगवून घेतलेली आहेत. जवळच्या मोरारका हवेलीत धोरण वेगळं आहे: स्वच्छ करायचं, धरून ठेवायचं, गेलेला भाग गेलेला दाखवायचा. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्या तर फरक समजतो. माझं मत मोरारकाच्या बाजूने आहे. नवा रंग कोरड्या चुन्यावर बसतो, तो पापुद्रा होतो, आणि सुटताना खालच्या मूळ रंगाची साल घेऊन जातो. शिवाय रेघ जाते. चेजाऱ्याने ओल्या चुन्यात एका दमात ओढलेली नाकाची रेघ आणि ब्रशने पुन्हा गिरवलेली रेघ या दोन सारख्या नसतातच.

माजघर

इथे मी थोडी वेगळ्या मताची आहे. पोदार हवेलीत मध्यंतरी शाळा भरत असे. शाळा म्हटलं की भिंतींना खिळे, शाई, पाठी टेकणं हे सगळं आलं. वापरातलं घर लोकांसाठी पुन्हा उघडायचं आणि त्याचा खर्च तिकिटातून निघायचा तर भिंत नीट वाचता आली पाहिजे, हा विचार टाकाऊ नाही. शेखावटीतल्या शेकडो हवेल्या कुलूपबंद आहेत. एक चौकीदार, वीस-तीस वारस, आणि प्रत्येक जण वेगळ्या शहरात. तिथे सही कुणाची घ्यायची हेच ठरत नाही. पोदार हवेली उघडी आहे आणि छत गळत नाही, हे मला मोठं वाटतं.

फक्त एक मागणी रास्त आहे: कुठली भिंत मूळची आणि कुठली नव्याने रंगवलेली, हे भिंतीखाली लिहावं.

कळीचा चुना

मान्य. आणि छत गळत नाही हे खरंच सर्वांत मोठं. त्यावर पूर्ण सहमत.

ओळंबा

आता नाश कशाने होतो ते. चित्राकडे लक्ष देऊन भिंत वाचवायला गेलात तर दोन्ही जातात. क्रम असा: आधी छत, मग पन्हळी, मग जोतं, मग भिंत, चित्र सर्वांत शेवटी.

कोब्याला भेग पडली की पाणी दगडी पट्ट्यांच्या सांध्यातून भिंतीत उतरतं. पन्हळ तुटली की तेच पाणी एका जागी भिंतीवर ओघळतं, आणि चित्रावर काळा पट्टा दिसतो. पण शेखावटीत खरा शत्रू खालून येतो. जमिनीत क्षार भरपूर. पूर्वी पाणी मोजून, घागरीने येत होतं. आता नळ आले, न्हाणीघरं आली, गटारं मात्र नीट नाहीत, रस्ते दरवेळी डांबर चढवून उंच झाले. भिंत खालून पाणी ओढते, पाणी हवेत उडतं, क्षार भिंतीत राहतो आणि स्फटिक फुगून गिलावा आतून फोडतो. आपण ज्याला लोणा लागणं म्हणतो तेच.

भिंत जवळून पाहा. जमिनीपासून मीटरभर उंचीवर तपकिरी आडवी रेघ असते, तिच्यावर चित्र शाबूत, तिच्याखाली पांढरी बुरशीसारखी पूड आणि सुटलेले पापुद्रे. बहुतेक घरमालक इथे सिमेंट मारतात आणि वर ऑइल पेंट. सहा महिने भिंत देखणी. पण सिमेंटमधून ओल उडू शकत नाही, म्हणून ती आणखी वर चढते, आणि रेघ मीटरवरून दीड-दोन मीटरवर, थेट चित्राच्या मधोमध पोचते. शंभर वर्षं वाचलेलं चित्र दुरुस्तीमुळे जातं ते असं.

दूरदेशी

मग करायचं काय? हे आपल्याकडच्या वाड्यांनाही लागू होतं, म्हणून जरा पायरीपायरीने सांगाल का?

ओळंबा

सांगतो. पाणी बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका: पन्हळ, न्हाणीघराचा निचरा, जोत्याला टेकलेली माती आणि फरशी. जोत्याच्या बाहेर पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार द्या. मग सिमेंट काढा, हाताच्या छिन्नीने, यंत्राने नाही, कारण हादऱ्याने वरचं चित्र सुटतं. ओलीच्या रेघेच्या वर साधारण एक फूट जिथे चित्र नाही तिथवर गिलावा मोकळा करा आणि भिंत एक पूर्ण उन्हाळा सुकू द्या. लोक इथेच घाई करतात.

सुकल्यावर पूड कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार परत आत जातो. मग कागदाचा लगदा आणि स्वच्छ माती, क्षार नसलेल्या पाण्यात भिजवून, बोटभर जाडीचा लेप द्या. तो सुकताना क्षार ओढून घेतो. सुकला की काढून फेकायचा, पुन्हा वापरायचा नाही. दोन-तीन वेळा करावं लागतं. त्यानंतरच चुना-सुरखीचा नवा गिलावा. पुन्हा कधी क्षार आलाच तर तो गिलावा खराब व्हावा, विटा आणि चित्र नाही. म्हणून तो मुद्दाम भिंतीपेक्षा कच्चा ठेवतात.

कळीचा चुना

यात चित्राखालच्या पोकळीचं जोडतो. बोटाच्या पेराने हलके टकटक करा. भरीव जागी टणक आवाज, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळीची हद्द कागदावर उतरवून घ्या. भेग असेल तिथूनच किंवा रंग नसलेल्या जागी बारीक भोक पाडून आधी थोडं पाणी आणि स्पिरिट सुईने सोडतात, म्हणजे आतली धूळ बसते आणि चुना धरतो. मग गाळीव चुना आणि बारीक सुरखीचं पातळ मिश्रण, एका वेळी थोडंच. एकदम भरलं तर वजनाने पापुद्राच खाली येतो. वर पातळ कागद, मऊ गादी आणि फळी लावून टेकू द्यायचा आणि चुना धरेपर्यंत ठेवायचा. इथे फेव्हिकॉल, एपॉक्सी असलं काही चालणार नाही.

वरून व्हार्निश मारू नये. दोन वर्षं चित्र ओलं-ताजं दिसतं, मग पिवळं पडतं आणि सालपटासारखं निघतं. पांढरी सफेदी चढलेली असेल तर ती लहान चाकूने टवका-टवका काढायची. आम्ल मुळीच नको. चित्र स्वतःच चुना आहे, आम्ल सफेदीला आणि चित्राला सारखंच खातं. अल्ट्रामरीन तर आम्लाने आधी जातो.

माजघर

दारं-खिडक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. रिकाम्या हवेल्यांतून आधी नाहीसं होतं ते लाकूड. कोरीव चौकट काढली की तिच्यावरचा भार उघडा पडतो, कमान बसते, आणि पुढच्या पावसात वरची भिंत चिरते. चौकट विकून मिळालेले पैसे घरालाच महाग पडतात. चौकट आधीच गेली असेल तर निदान त्या जागी विटांचा खांब किंवा दगडी पट्टी टाकून भार धरून ठेवावा. कोरीव काम नंतर बघता येईल.

वहीखाते

नवलगढला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: पोदार आणि मोरारका दोन्ही एकाच दिवशी होतात. बाहेरच्या भिंती सकाळी किंवा उतरत्या उन्हात बघा, म्हणजे सांधे आणि कोरलेल्या रेघा दिसतात. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत त्या जातात. पोदार हवेलीत आतल्या चौकाचं दार आणि बैठक बघून मग चित्रांकडे वळा. आणि चुन्याचं काम ज्यांना हाताने शिकायचं आहे त्यांनी बनस्थली विद्यापीठाच्या भित्तिचित्रांच्या वर्गाची चौकशी करावी. जयपूर पद्धत तिथे अनेक वर्षं शिकवली जाते.

विदर्भकरांसाठी एक जोड: जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ चा, सीकरजवळच्या काशी का बास गावातला. वर्ध्याच्या बच्छराज सेठजींच्या घराण्यात ते दत्तक आले. शेखावटीतून निघालेली पेढीची वाट वर्ध्यात कशी स्थिरावली, कापसाच्या बाजारात तिचं स्थान काय होतं, यावर कुणी वेगळा धागा काढणार असेल तर रामगढच्या पोद्दारांच्या आडत पेढ्यांबद्दल माझ्याकडची माहिती तिथे लिहीन.

दूरदेशी

मी काढतो. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिरापासून सुरुवात करू. १९२८ मध्ये ते दलितांना खुलं झालं, आणि बजाज घराण्याचं असल्याने पेढीचा धागाही तिथूनच उलगडेल. चुन्याचे प्रश्न मात्र इथेच विचारत राहणार.